वायक्याची लेक

मरणाचं कौसल्याबाईंना काही वाटत नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता लुगड्यात.

बाकी सगळी तयारी त्यांनी केव्हाच करून ठेवली होती. गंगाजळाची कुपी, तुळशीची माळ, चंदनाचं एक खोड, असं सगळं पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत होतं. दिवाळीच्या साफसफाईत त्या ती पेटी ओढून काढायच्या आणि सून प्रेमिलाला एकेक वस्तू दाखवायच्या, जसा काही रुखवतच मांडलाय. पण एक वस्तू अशी की ती पेटीत ठेवून चालत नाही. बाई गेली की तिच्या माहेरचं माणूस लुगडं घेऊन येतं, तिच्या अंगावर घालतं, आणि मगच तिरडी उचलतात. ते आपलं आपण घेऊन ठेवायचं नसतं. लेकानं, सुनेनं आणायचं तर मुळीच नसतं. आणि कौसल्याबाईंच्या माहेरी आता कोणी उरलं नव्हतं. दोघे भाऊ गेले. एकाला मूलबाळ नाही, दुसऱ्याच्या पोरी लग्न करून आडनावं बदलून बसलेल्या.

प्रताप नगरातल्या भोयरांच्या घरात हा विषय आठवड्यातून एकदा निघायचाच, बहुधा संध्याकाळच्या चहाला. प्रेमिला खिडकीशी मशीनवर ब्लाउज शिवत असायची, सासू बाजूच्या पलंगावर.

“आई, मी आणीन ना,” प्रेमिला म्हणायची. “एक काय, दहा आणीन.”

“तू सासरची वं. तुयं लुगडं म्हनजे घरचंच फडकं.”

एवढं ऐकून घेणारी सून अख्ख्या नागपुरात दुसरी मिळायची नाही, असं प्रेमिलाचं स्वतःबद्दल मत होतं, आणि ते फारसं चूक नव्हतं. उत्तर तिलाही देता यायचं. पण सुई चालू असली की ती तोंड आवरायची.

मग थंडीच्या सुरुवातीला खालच्या मजल्यावरच्या यमुताई गेल्या. माणसं जमली, सगळं तयार झालं, पण यमुताईंचे भाऊ अमरावतीहून निघालेले आणि वाटेत त्यांची गाडी बंद पडलेली. मंडळी तिष्ठत उभी राहिली. कोणी तंबाखू मळला, कोणी मोबाईल पाहिला, कोणी हळूच म्हणालं, उचला आता. यमुताईंच्या लेकानं मानेनंच नाही म्हटलं. शेवटी भाऊ आले, लुगडं अंगावर पडलं, बायकांनी गळा काढला आणि यमुताई निघाल्या.

कौसल्याबाईंनी हे सगळं गॅलरीतून पाहिलं. त्या दिवसापासून त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. भाकर कुस्करायची आणि तशीच ठेवून द्यायची. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, वय झालंय. आजार काय आहे ते प्रेमिलाला ठाऊक होतं, आणि तिला भीती वाटायला लागली. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी कढी जमत नव्हती. या बाईनं टोमणे मारमारून तिला सगळं शिकवलं होतं, आणि तिच्या बाळंतपणात चुलीपुढून उठली नव्हती. तिचं हे झुरणं प्रेमिलाला पाहवत नव्हतं.

“आईचं माहेर हिवऱ्याचं, वाळके,” तिचा नवरा जितेंद्र एका रविवारी म्हणाला. तो हिंगण्याच्या एका कारखान्यात फोरमन होता आणि प्रत्येक अडचणीला कारखान्यातला माणूस शोधायचा. “आमच्या शिफ्टमधी एक वाळके आहे. त्याले म्हणतो, तू हो आईचा भाचा.”

इथं आडनावाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या या मुलखात ळ हे अक्षर पुस्तकात राहतं, तोंडात राहत नाही. लिहायचं केळं आणि खायचं केयं. लिहायचा काळा बैल आणि हाकायचा काया. आडनावांचंही तेच. सातबाऱ्यावर वाळके, शाळेच्या हजेरीत वाळके, पण हिवऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या तोंडून ‘वायके’ सोडून दुसरं काही निघालं नाही. पुढं इंग्रजी कागद आले आणि त्यांनी ळ चा ल करून टाकला. म्हणजे माणूस जन्मायचा वायके, शिकायचा वाळके आणि पगार उचलायचा वालके. त्यात कोणाला काही वावगंही वाटायचं नाही. घरातलं नाव घरात, बाहेरचं बाहेर, चपला काढून ठेवाव्या तसं.

तर जितेंद्र कारखान्यातल्या गोलूला घेऊन आला. गोलू मूळचा आमगावकडचा, मनानं सरळ आणि अंगानं आडवा. त्यानं वाकून पाया पडून सांगितलं, “नमस्ते आजी, मी गोलू वालके. तुमी टेन्शन घेऊच नका. फोन आला का मी लुगडं घेऊन हाजिर.”

कौसल्याबाईंनी त्याला नीट न्याहाळलं. “कोन म्हनाला तू?”

“वालके.”

“बस बापू. चहा घे.”

चहा झाला, बिस्किटं झाली, गोलू गेला. मग त्या लेकाकडे वळल्या. “जितू, भाचे असे भाड्यानं आनते का गा?”

जितेंद्र पेपरात तोंड घालून बसला. प्रेमिलाच मशीन थांबवून म्हणाली, “आई, त्याचा हात काय आणि दुसऱ्याचा काय? लुगडं पडल्याशी मतलब.”

“लुगडं नुसतं टाकत नसते वं. बोला लागते.” आणि त्या दिवशी प्रेमिलाला पहिल्यांदाच ती रीत कळली. हिवऱ्यात लुगडं घालताना माहेरचा माणूस उशाशी उभा राहतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, ‘वायक्याची लेक येऊन राहिली, दार उघडा.’ कौसल्याबाईंच्या आत्याच्या वेळी त्यांच्या वडिलांनी तसं म्हटलं होतं, आणि ते ऐकून त्या लहानपणी ढसाढसा रडल्या होत्या. “वर माये माय-बाप बसले हायेत. वालक्याची लेक आली म्हटलं तर त्याईले काय समजन? त्याईनं जलमात ते नाव ऐकलं नाही. म्हनतीन, असन बाप्पा कोनाची, पुढचं दार पाहा.”

प्रेमिलाला हसू आलं. पण सासूच्या डोळ्यांकडे पाहिल्यावर ते तोंडातच विरलं. ही म्हातारी खरोखर त्या दारापुढे उभी असल्यासारखी दिसत होती.

पुढच्या आठवड्यात प्रेमिला अस्तराचं कापड घ्यायला महालात गेली. तिथल्या एका गल्लीत ताराचंदचं दुकान होतं. नऊवारी लुगडी ठेवणारी दुकानं आता फार उरलेली नाहीत, त्यातलं ते एक. तिच्या मनात आलं, वस्तू तर घेऊन ठेवू, माणूस पुढं पाहता येईल. तिनं राखी रंगाचं, बारीक काठाचं एक लुगडं हातात घेतलं.

“नेसायले, का माहेरचं?” ताराचंदनं विचारलं.

“माहेरचं. सासूबाईंसाठी.”

ताराचंदनं लुगडं तिच्या हातातून हळूच काढून घेतलं आणि घडी करून मांडीवर ठेवलं. “भाभीजी, नाराज नका होऊ. माहेरचं लुगडं मी सुनेले विकत नाही. आमच्या बाबांच्या टाइमपासून असंच आहे. माहेरवाल्याले पाठवा, सबसे अच्छा काढून देतो.”

“माहेरवाला असता तर मी आले असते का?” प्रेमिलाचा आवाज चढला. “हिवऱ्याच्या वाळक्यांमधी कोणी उरलंच नाही.”

“उरलं नाही?” ताराचंद गादीवरून अर्धा उठला. “अवं, आमचे गुरुजी हिवऱ्याचेच ना! प्रेमानंद वाळके. मागच्या गल्लीत राहते. मले त्याइनंच शिकवलं. खूब मारलं बी.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. प्रेमिला अस्तर तिथंच विसरून मागच्या गल्लीत गेली. दारावर पाटी होती आणि पाटीवर स्वच्छ, वळणदार अक्षरात ‘वाळके’. आतला माणूसही तसाच होता, सत्तरी ओलांडलेला, ताठ, धोतराची निरी मोजून घातल्यासारखी. त्यांनी तिला पाणी दिलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कौसल्याबाई त्यांच्या वडिलांची, भैय्याजींची, चुलत बहीण. म्हणजे ते सख्खे नसले तरी भाचेच.

“कौसल्याआत्या आहेत?” गुरुजी पुढं सरकून बसले. “मला वाटलं... आमच्याकडे कोणी काही कळवलंच नाही. बाबा गेले तेव्हाही त्या आल्या नव्हत्या. मी येतो. उद्याच येतो. आणि त्या गोष्टीची काळजी सोडा. मी आहे.”

त्यांची बायको वारली होती आणि मुलगा बंगळुरात होता. तिथं त्याला म्हणे सगळे ‘मिस्टर वॉक’ म्हणत. हे सांगताना गुरुजींना राग आला होता. प्रेमिला घरी आली ती तरंगतच. तिनं सासूला काही सांगितलं नाही. म्हटलं, उद्या समोरच उभं करू.

दुसऱ्या दिवशी गुरुजी संत्र्यांची पिशवी घेऊन आले. दारात चपला काढल्या, पलंगापुढे आले, वाकले आणि स्वच्छ, शाळेतल्या आवाजात म्हणाले, “आत्या, ओळखलंत का? मी प्रेमानंद. भैय्याजींचा. प्रेमानंद वाळके.”

तो ळ असा पडला की जीभ टाळ्याला लागून सुटलेली ऐकू यावी.

कौसल्याबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पदर सारखा केला आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. “आमच्या घरचं कोनी उरलं नाही,” त्या भिंतीला म्हणाल्या.

गुरुजी उभेच राहिले. प्रेमिलानं त्यांना बसवलं, पोहे केले, इकडचं तिकडचं बोलली, पण भिंत काही वळली नाही. जाताना गुरुजींनी संत्री पलंगाशी ठेवली. सगळ्यांना प्रश्न विचारून आयुष्य काढलेल्या माणसाला काय विचारावं ते सुचत नव्हतं.

त्या संध्याकाळी प्रेमिला फार रागावली. एवढं रागावायची तिची पद्धत नव्हती. तिनं मशीनला झाकण घातलं, तुरीच्या शेंगा पुढ्यात ओतल्या आणि सोले काढता काढता तडातड बोलून घेतलं. “हत्ती गेला अन् शेपूट राहिलं, असं करून राहिल्या तुमी, आई. माणूस मिळाला, हिवऱ्याचा मिळाला, रक्ताचा मिळाला. फक्त एक अक्षर बरोबर बोलला म्हणून त्याले हाकललं? शिकलेला माणूस आहे, तो वाळकेच म्हणन ना!”

कौसल्याबाईही उठून बसल्या आणि शेंगा सोलायला लागल्या.

“मी वयखलं त्याले,” त्या म्हणाल्या. “दारातच वयखलं. त्याच्या लग्नात मी मांडवात गानं म्हनत होती.”

त्यांनी ते म्हणून दाखवलं नाही, नुसते शब्द सांगितले. ‘वायक्याच्या दारी वं, मांडव जांभयीचा, सावलीले बसला वं, भाचा माहा गुनाचा.’ त्यांच्या आवाजाचं तेव्हा चार गावांत नाव होतं. कोणाकडे लग्न निघालं की आधी कौसल्येला निरोप जायचा. प्रेमानंद नुकता शिक्षक झालेला, मुलगी नागपुरातली, तिचे वडील शाळा तपासायला येणारे साहेब. पाहुणे खुर्च्यांवर बसलेले. आणि गाणं रंगात आलेलं असताना नवरदेव बाशिंग सावरत उठला आणि म्हणाला, “आत्या, वाळके म्हणा. जांभळीचा म्हणा.” खुर्च्यांवरची माणसं हसली. मग बायकाही हसल्या, हसायचं असतं असं वाटून.

“गानं तसंच राह्यलं,” कौसल्याबाई म्हणाल्या. “जितूले कडेवर घेतलं अन् निंगाली. त्याच्यानंतर मी गायली नाही, अन् मांडवातबी गेली नाही.”

जितेंद्र दारात उभा राहून ऐकत होता. “मले आठवते ते,” तो हळूच म्हणाला. “जेवण राहिलं होतं म्हणून मी रडत होतो.”

प्रेमिलाला लग्न होऊन या घरात किती वर्षं झाली होती! सासूचे टोमणे तिनं ऐकले, ओव्या कधी ऐकल्या नव्हत्या. तिला वाटायचं, बाईचा गळाच तसा, कोरडा. आता तिला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, पण कोणाचा ते नीट कळेना.

तो राग घेऊन ती महालात गेली आणि गुरुजींपुढे तिनं तो सगळा ओतला. गुरुजींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मला हे आठवत नाही.” आणि ते खरं होतं. लावणारा विसरतो, लागलेला विसरत नाही.

“बाबा फक्त म्हणायचे, कौसी रुसली. का ते सांगायचे नाहीत.” त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. “सूनबाई, मी हिवऱ्याहून इथं शाळेत आलो ना, तेव्हा पहिल्याच दिवशी नाव सांगितलं, वायके. सगळा वर्ग हसला. वर्गाच्या मास्तरांनी मला बाकावर उभं केलं आणि म्हणाले, बरोबर म्हणशील तेव्हा खाली बस. मधली सुट्टी झाली तरी मी उभाच. ळ यायचाच नाही. जीभ कुठं लावायची तेच कळेना. मग घरी खोलीत कोंडून घेऊन घोकला. तेवढं एक अक्षर आलं तर जगात आपल्याला कोणी हसणार नाही, असं वाटायचं. आत्याला मी... मला वाटलं असेल की तिलाही कोणी हसू नये.”

“हसले ते तुमी बोलल्यावर,” प्रेमिला म्हणाली. आणि लगेच तिला तसं बोलल्याचं वाईट वाटलं, कारण गुरुजींनी चष्मा पुन्हा घातलाच नाही. ती उठता उठता म्हणाली, “या एकदा परत. एवढं वायके म्हणा. बस.”

“म्हणतो,” गुरुजी म्हणाले. “त्यात काय आहे?”

त्यात किती काय आहे ते त्यांना आठवडाभरात कळलं. ते प्रेमिलाला फोन करून सराव करायचे. पहिल्यांदा ‘वा’ छान यायचा आणि पुढं ळ असा ठसठशीत पडायचा की फोनमध्येच अक्षर उमटावं. हळू म्हटलं तर ‘वा-ये-के’ असे तीन तुकडे व्हायचे. जन्मभर ज्यांनी पोरांच्या जिभेला वळण लावलं, त्यांची जीभ आता वळेना. प्रेमिला ब्लाउजला हूक लावता लावता हसून बेजार व्हायची आणि मग तिला त्यांची कीव यायची.

मकरसंक्रांतीनंतर ते आले. यावेळी कौसल्याबाई भिंतीकडे वळल्या नाहीत. बहुतेक प्रेमिलानं आधी काही बोलून ठेवलं होतं, किंवा त्या स्वतःच थकल्या होत्या. गुरुजी पलंगाच्या कडेला बसले. माफी वगैरे मागायची त्यांनी तयारी करून आणली होती, पण ती बाजूलाच राहिली. त्यांनी एकदम परीक्षेला बसल्यासारखे डोळे मिटले आणि म्हणाले, “आत्या, मी वाळ... वाय... वाळके.” पुन्हा म्हणाले. पुन्हा तेच. कपाळावर घाम आला.

कौसल्याबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत आधी जे कडू होतं ते हळूहळू ओसरलं. त्यांनी हात पुढं करून त्या म्हाताऱ्या भाच्याच्या गालावर ठेवला, जसा लहान पोराच्या ठेवतात.

“राहू दे बापू. तोंड दुखन तुयं.”

“आत्या, मला जमेल.”

“नाही जमलं तरी चालते. तू आपलं वाळके म्हन. जिभेले सवय लागली, तिचा का दोष?” तो ळ जिभेवर आणताना त्यांना धाप लागली, पण त्या थांबल्या नाहीत. “मी वर गेली का सांगीन ना त्याईले. म्हनीन, बाबा, आता आपल्याइले वाळके म्हनते. भैय्याजीचं पोरगं शिकलं, त्यानं नाव बदलवलं. बाबा काही रागावनार नाही. शिकलेल्याचं त्याले लय कवतिक.”

एवढं ऐकून गुरुजी रडले. शाळेतल्या आवाजात नाही, खाली मान घालून, हुंदके देत. प्रेमिलानं स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली.

जेवायला तिनं मुद्दाम सासूच्या आवडीचा बेत केला होता, डाळीचे गोळे घातलेला गोळाभात, वर तेलाची लसणाची फोडणी आणि बाजूला चिंचेचं सार. कौसल्याबाई म्हणाल्या, “आमच्या हिवऱ्याले मोठी आई करत जाय असा गोयाभात. लोखंडाच्या मोठ्या गंजात, चुलीवर.”

“मातीचं झाकण असायचं,” गुरुजी म्हणाले.

“अन् गंजाच्या बुडाची खरवड कोन खाय?”

“मी!” गुरुजी एकदम हसले. दात नसलेल्या बाजूनं हसले. मग ते भरभर जेवायला लागले, बोटं चाटत, सार भुरकत, धोतरावर थेंब सांडत. ताट रिकामं झालं तसं त्यांनी ते सरळ पुढं केलं. “आत्या, गोयाभात वाढायले सांग ना अजून. अन् खरवड मले.”

प्रेमिलाच्या हातात पळी तशीच राहिली. सासू-सुनेनं एकमेकींकडे पाहिलं. कौसल्याबाईंनी डोळे किंचित बारीक केले, म्हणजे बोलू नको. गुरुजींना काहीच कळलं नव्हतं. ते खरवडीची वाट पाहत होते. त्या दिवशी कौसल्याबाईंनी दोनदा भात मागून घेतला, आणि पुढंही त्यांचं ताट कधी अर्धं राहिलं नाही.

गुरुजी मग दर गुरुवारी यायचे. दोघंही हिवऱ्याच्या गोष्टी काढायचे, मेलेल्या माणसांच्या, बैलांच्या, विहिरींच्या. वाळके-वायके हा विषय पुन्हा निघाला नाही. एकदा प्रेमिला बाहेरून आली तेव्हा पलंगावरून गुणगुण ऐकू येत होती. मांडव जांभयीचा, एवढंच तिला कळलं. ती आत न जाता पायरीवर बसून राहिली.

होळी झाली आणि ऊन तापायला लागलं. एका सकाळी कौसल्याबाईंनी चहा घेतला, कप खाली ठेवला, आणि प्रेमिलानं वळून पाहिलं तर त्या गेल्या होत्या. चेहरा अगदी शांत होता. प्रेमिलानं पेटी ओढून काढली आणि तिथंच जमिनीवर बसून ती पोटभर रडली. टोमणा मारायला आता घरात कोणी राहिलं नव्हतं.

माणसं जमली. गोलूसुद्धा कारखान्यातून रजा टाकून आला आणि न सांगता मडकं आणायला गेला. भोयरांच्या भावकीत रामाजी म्हणून एक गृहस्थ होते. कोणाकडेही मयत असलं की सगळं हाती घेऊन दणदणीत आवाजात पार पाडायचे. ते म्हणाले, “सगळं तयार आहे. माहेरचे कुठं आहेत?”

“येऊन राहिले,” प्रेमिला म्हणाली. तिला ठाऊक होतं, ताराचंद सबसे अच्छा काढून देणार.

रिक्षा खाली थांबली. गुरुजी लुगडं दोन्ही हातांवर आडवं धरून जिना चढून आले. राखी रंग, बारीक काठ. चेहरा पडलेला होता, आणि धोतराची निरी पहिल्यांदाच वाकडी होती. ते आत आले, उशाशी उभे राहिले, लुगड्याची घडी मोडली आणि ते आत्याच्या अंगावर पसरलं. पायाशी उघडं राहिलेलं टोक त्यांनी वाकून सारखं केलं. मग सरळ उभे राहिले, आणि त्यांच्याच्यानं तोंड उघडेना.

बायका थांबल्या. प्रेमिला पुढं सरकली. नाही जमलं तरी चालते, ती मनात म्हणत होती, त्या म्हणाल्या आहेत चालते म्हणून.

रामाजींना वाटलं, म्हातारा गहिवरला, आपण मदत करावी. जिन्यापर्यंतच्या माणसांना ऐकू जावं म्हणून त्यांनी हात वर केला आणि गरजले, “मंडळी, माहेरचं लुगडं आलं! वाळके परिवाराकडून...”

गुरुजींनी मान वळवली. “रामाजी,” ते म्हणाले, “वायके म्हणा.”

कोणी हसलं नाही. रामाजींनी हात खाली घेतला. गुरुजी पुन्हा आत्याकडे वळले, आणि आता जो आवाज निघाला तो शाळेतला नव्हता. तो हिवऱ्याच्या कुठल्यातरी ओसरीतला होता. प्रेमिलानं तो कधी ऐकला नव्हता, तरी तिला तो ओळखू आला.

“वायक्याची लेक येऊन राहिली,” ते म्हणाले. “दार उघडा.”

मग तिरडी उचलली.